कॉपी पूर्ण झाली, मग पेनड्राइव्ह थेट ओढून काढला तर काय बिघडतं?

लोणावळा असो, कामशेत असो की वडगाव मावळ, झेरॉक्सच्या दुकानात हे चित्र नेहमीचं. कोणाला फॉर्मची प्रिंट हवी असते, कोणाला कॉलेजचा प्रोजेक्ट, कोणाला लग्नाचे फोटो. गर्दीत पेनड्राइव्ह लावला जातो, फाईल कॉपी होते आणि पेनड्राइव्ह तसाच ओढून हातात दिला जातो. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण एखाद्या वेळी घरी गेल्यावर फोल्डर उघडतच नाही.

असं का होतं?

लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानाचं उदाहरण घ्या. गर्दीच्या वेळी मालक हिशोब कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि नंतर पक्क्या वहीत चढवतो. मधल्या वेळात कच्ची वही हरवली, तर हिशोब गेला. कॉम्प्युटरही अनेकदा असंच करतो. वेग वाढावा म्हणून डेटा आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीने पेनड्राइव्हवर लिहितो. याला 'राइट कॅशिंग' म्हणतात. 'इजेक्ट' म्हणजे 'उरलेलं सगळं आत्ताच लिहून टाक' असा आदेश.

जुने फोटोही जाऊ शकतात?

हो. कोणती फाईल कुठे आहे, याची यादी पेनड्राइव्हवरच असते. बहुतेक पेनड्राइव्ह 'फॅट३२' किंवा 'एक्सफॅट' पद्धतीचे असतात. अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंद त्यांच्यात नसते. यादी लिहिली जात असतानाच पेनड्राइव्ह निघाला, तर आधीच्या फाईल्सही दिसेनाशा होऊ शकतात.

पण विंडोजने ही अट काढली ना?

२०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून विंडोज १० मध्ये 'क्विक रिमूव्हल' ही मूळ सेटिंग झाली. त्यात कॅशिंग बंद असतं. तरी फाईल लिहिली जात असताना पेनड्राइव्ह काढला, तर धोका राहतोच. शिवाय दुकानातल्या कॉम्प्युटरची सेटिंग काय आहे, हे तुम्हाला माहीत नसतं.

मग करायचं काय?

- विंडोज: खाली उजव्या कोपऱ्यातल्या बाणावर क्लिक करा, यूएसबीचं चिन्ह निवडा आणि 'इजेक्ट' करा.
- मॅक: फाइंडरमध्ये पेनड्राइव्हच्या नावाशेजारच्या इजेक्ट चिन्हावर क्लिक करा.
- अँड्रॉइड फोनला ओटीजीने जोडला असेल, तर नोटिफिकेशनमध्ये 'इजेक्ट' दिसतं.
- 'डिव्हाइस वापरात आहे' असा मेसेज आला, तर उघडी फाईल बंद करा. तरीही जमलं नाही, तर कॉम्प्युटर शटडाउन करून मग काढा. नुसता स्लीप मोड पुरेसा नाही.

मावळात पावसाळ्यात वीज जाते, तेव्हाही हाच धोका असतो. यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरची वीज गेली, की लिहिणं अर्ध्यावरच थांबतं. म्हणून काम झालं की पेनड्राइव्ह लावून ठेवू नका.

आधीच गडबड झाली असेल तर?

'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं, तर घाईत 'हो' म्हणू नका. त्या पेनड्राइव्हवर नवं काही कॉपी करू नका. डेटा महत्त्वाचा असेल, तर आधी रिकव्हरी सॉफ्टवेअर किंवा जाणकाराची मदत घ्या, दुरुस्ती नंतर.

आणि लग्नाचे फोटो फक्त एकाच पेनड्राइव्हवर असतील, तर आजच दुसरी कॉपी करून ठेवा.