चाकातली हवा जाते कुठे?

मोटारीच्या टायरमध्ये खिळा घुसला तर पंक्चर शोधणे सोपे असते. पण कधी कधी खिळा नसतो, काच नसते, टायरही नवा दिसतो; तरी चारांपैकी एकच चाक दर पंधरवड्याला मऊ पडते. हवा भरावी, की पुन्हा तेच! मग ही हवा जाते कुठून?

कड आणि रिम

आजच्या बहुतेक मोटारींच्या टायरमध्ये ट्यूब नसते. टायरच्या आतून ब्यूटिल जातीच्या रबराचा पातळ थर दिलेला असतो. तो हवेला अडवतो. उरलेले काम टायरची कड करते. मिस्त्री तिला ‘बीड’ म्हणतात. या कडेत पोलादी तारांचे कडे असते, त्यावर रबर असते. हवा भरली की कड धातूच्या रिमवर घट्ट दाबली जाते. तिथे गोंद नाही, स्क्रू नाही. रबर आणि धातू एकमेकांना सर्व बाजूंनी चिकटून राहतात, एवढाच बंदोबस्त!

आता ही जागा खडबडीत झाली तर? लोखंडी रिम गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे रंगाचे पोपडे सुटतात. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमवर पांढरट भुकटी धरते. खड्ड्यात आदळून रिम वाकते, किंवा टायर बदलताना कडेखाली माती राहते. केसाएवढी फट हवेला पुरेशी असते.

गळती की थंडी?

नागपूरकरांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे महिन्यात येथे पारा ४५ अंश सेल्सिअसवर जातो, तर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो १० अंशांखालीही उतरतो. आकारमान कायम असेल तर वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हे तुम्ही शिकला आहात.

समजा, ४५ अंशांना टायरमध्ये दर चौरस इंचाला ३३ पौंड दाब होता. मापक वातावरणाचा दाब धरत नाही, म्हणून त्यात सुमारे १४.५ मिळवू. एकूण दाब ४७.५ झाला. तापमान १० अंश झाले, म्हणजे ३१८ केल्व्हिनचे २८३ केल्व्हिन झाले. ४७.५ × २८३ ÷ ३१८ = ४२.३. त्यातून १४.५ वजा केले की उरले सुमारे २८. हवेचा एक कणही न गळता ५ पौंड दाब घटला!

शिवाय रबरातून थोडी हवा सतत झिरपतच असते. तेव्हा कसोटी अशी: चारही चाकांचा दाब सारखाच उतरला, तर थंडी किंवा झिरपणे. एकाच चाकाचा उतरला, तर गळती.

एवढे महत्त्व कशाला?

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. चाकाचा परिघ १.९ मीटर धरला, तर या वेगाला ते सेकंदाला सुमारे साडेसतरा फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरच्या बाजू दबतात आणि सुटतात. हवा कमी असली की त्या अधिक दबतात आणि टायर आतून तापत जातो. वर उन्हाळा आणि खाली तापलेले काँक्रीट! अशा वेळी टायर फुटला तर प्राणावर बेतते.

गळती शोधा, थांबवा

साबणाचे दाट पाणी ब्रशने कडेभोवती लावावे. व्हॉल्व्हवरही लावावे, कारण त्याचे रबरही जुने होऊन तडकते. दोन-तीन मिनिटांत बारीक बुडबुड्यांचा पुंजका दिसला, की चोर सापडला!

पुढचे काम मिस्त्रीचे. तो यंत्राने टायर उतरवतो, रिमवरचा गंज आणि जुने रबर घासून काढतो, कड पुसतो, लागल्यास कडेला सील करणारे द्रावण लावतो आणि व्हॉल्व्ह नवा बसवतो. रिम वाकलेली किंवा चिरलेली असेल तर मात्र द्रावणाने भागत नाही. ती सरळ करून घ्यावी किंवा बदलावी. नुसती हवा भरत राहणे हा उपाय नव्हे. टायर बदलताना दर वेळी रिम घासून घेणे हाच खरा प्रतिबंध.

तुम्ही करून पाहा

घरच्या किंवा शेजारच्या मोटारीच्या चारही चाकांचा दाब आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी मोजा. सोबत तापमान लिहा. दोन महिन्यांनी चारही चाकांचे आलेख एकाच कागदावर काढा. चार रेषा जवळपास समांतर उतरल्या तर पंपावर जाऊन हवा भरा. किती, ते चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. एखादी रेषा इतरांना सोडून खाली निघाली, तर साबणाचे पाणी घ्या आणि त्या चाकापाशी बसा. प्रवासाला निघण्याआधीच!