मनोरुग्णाची सुनावणी आणि खर्चाची धास्ती

गेल्या पावसाळ्यात बाह्यरुग्ण विभागात एक शेतकरी गृहस्थ आले. त्यांचा धाकटा भाऊ तीन रात्री झोपला नव्हता, जेवण सोडले होते, दोनदा विहिरीकडे धावला होता. घरच्यांनी त्याला खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. "मग लगेच का आणले नाहीत?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आधी कोर्टाचा खर्च किती येईल तेवढं सांगा. बैल विकायचे का, ते ठरवायला बरं." फार पूर्वी त्यांच्या चुलत्यांना येरवड्याला भरती करताना मॅजिस्ट्रेटचा हुकूम, वकील, दाखले आणि तालुक्याच्या खेपा यांत घर धुऊन निघाले होते. ती आठवण घरात टिकून होती, आणि तिच्यापायी एक आजारी माणूस तीन दिवस कडीआड होता.

ही भीती अगदीच निराधार नव्हे. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात आला. त्यानुसार राजी नसलेल्या रुग्णाला नातेवाइकांच्या अर्जावर व दोन डॉक्टरांच्या दाखल्यांवर जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता येई. त्यापुढे मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. ऐपत नसलेल्या रुग्णाला सरकारी खर्चाने वकील द्यावा, असे कलम त्याही कायद्यात होते. पण ते किती जणांना ठाऊक होते?

तो कायदा आता राहिलेला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला आणि बरेच काही बदलले. रुग्णाच्या जिवाला किंवा इतरांना तातडीचा धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मग तो गावातला का असेना, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. जवळच्या मनोरुग्णालयात पोहोचवणे हाही त्या उपचाराचाच भाग आहे. रुग्णाचा प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. कोर्टाचा हुकूम लागत नाही. पुढे भरती करायची झाल्यास एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञ अशा दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासायचे, प्रतिनिधीने अर्ज करायचा, की ३० दिवसांपर्यंत भरती होते. रुग्णाने आधी कोणाचे नाव लिहून ठेवले नसेल तर नातेवाईक हाच प्रतिनिधी ठरतो. येथेही कोर्ट नाही.

मग सुनावणी कोठे होते? त्यासाठी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ आहे. त्याचे अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाच्या न्यायिक अधिकाऱ्याकडे असते. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी व डॉक्टर असतात आणि, मला विशेष वाटते ते हे, की स्वतः हा आजार भोगलेल्या व्यक्तींना किंवा त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही त्यात जागा आहे. अशी भरती झाल्यावर रुग्णालयाने सात दिवसांत, आणि स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर तीन दिवसांत, मंडळाला कळवायचे असते. "मला येथे का ठेवले?" अशी तक्रार रुग्णाने केली तर पहिल्या ३० दिवसांच्या भरतीबाबत मंडळाने सात दिवसांत निकाल द्यायचा. भरती ३० दिवसांपुढे न्यायची तर मंडळाची परवानगी लागते. सुनावणी बंद दाराआड होते. गावासमोर अब्रू जाण्याचा प्रश्न नाही.

या अर्जाला कोणतीही फी नाही. कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा 'मंडळाची फी' म्हणून कोणी पैसे मागितले तर पावती मागा. बहुधा तो माणूस पुन्हा दिसणार नाही.

राहिला वकील. येथे नातेवाईक एक गल्लत करतात. आपण वकील दिला म्हणजे रुग्णाचीही बाजू मांडली गेली, असे ते धरून चालतात. दर वेळी तसे असतेच असे नाही. नवऱ्याला बायको घराबाहेर हवी असते, भावांना वाटणीतला एक हिस्सेदार नको असतो, आणि 'डोके फिरले आहे' हे शब्द सोयीचे पडतात. डॉक्टर म्हणून आम्हालाही दर वेळी हे ओळखता येतेच असे नाही. म्हणूनच रुग्णाचा स्वतःचा वकील असावा लागतो, आणि तो मोफत मिळण्याचा हक्क कायद्याने रुग्णाला दिला आहे. एवढेच नव्हे, तर हा हक्क आहे हे त्याला सांगणे आणि वकील कोठे मिळेल ते कळवणे ही मॅजिस्ट्रेट, पोलीस आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची जबाबदारी आहे. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करावा. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. वकिलाची फी, प्रकरण कोर्टात गेलेच तर तेथील फी, कागदपत्रांच्या नकला हे सारे त्यात येते. स्त्रियांना ही मदत मिळकत न पाहता मिळते.

मॅजिस्ट्रेटचा संबंध अगदीच संपला असे मात्र नाही. घरात एखाद्या रुग्णाचा छळ किंवा हेळसांड होत असेल तर पोलीस मॅजिस्ट्रेटना कळवतात, आणि ते रुग्णाला तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत भरती करण्याचा हुकूम देऊ शकतात. रस्त्यावर भटकणारा रुग्ण आढळला तर पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचे असते. कोठडीत ठेवता येत नाही.

खर्च मुळीच होत नाही, असे मी म्हणणार नाही. दारिद्र्यरेषेखालील किंवा निराधार रुग्णाला, हाती कार्ड नसले तरी, सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत. शरीराच्या आजाराला जशी रुग्णवाहिका मिळते तशीच मनाच्या आजारालाही मिळाली पाहिजे, म्हणून १०८ ला बिनदिक्कत फोन करावा. पण प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच. तिथवरची जा-ये, बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्याचे जेवण हे कोणत्याच कलमात बसत नाही. माझ्या मते खरा भार हाच आहे. तेव्हा आधी जिल्हा रुग्णालयात तपासून घ्यावे, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला घ्यावा.

त्या गृहस्थांना बैल विकावे लागले नाहीत. भाऊ त्याच संध्याकाळी रुग्णवाहिकेतून आला. तिसऱ्या आठवड्यात त्याची समज इतकी सावरली की पुढे राहण्याच्या अर्जावर त्याने स्वतःच सही केली, त्यामुळे मंडळाच्या सुनावणीची गरजच उरली नाही. खर्च काय झाला म्हणून मी विचारले, तर थोरल्याने एस.टी.ची तिकिटे काढून दाखवली.