परदेशी अभ्यागत आणि कोकणची लोककला : पिंगुळीची चित्रकथी व बालीचा अनुभव

प्रस्तावना

महाविद्यालयात परदेशी पाहुणे आले की स्वागतासाठी लोककलेचा एखादा कार्यक्रम ठेवण्याचा प्रघात आहे. दहा-पंधरा मिनिटांचे सादरीकरण, टाळ्या, छायाचित्रे आणि चहापान असे त्याचे स्वरूप असते. पाहुण्यांना कला दिसते. ती समजतेच असे नाही. लोककला दाखविणे आणि तिचा परिचय करून देणे यांतील अंतर पिंगुळीच्या चित्रकथीच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चित्रकथीचे स्वरूप

कुडाळजवळील पिंगुळी हे गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते. आज ते सिंधुदुर्गात आहे. येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या या कला जपल्या. त्यांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय लाभला होता. रामायण-महाभारतातील एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे ‘पोथी’. कथेकरी एकेक चित्र पुढे ठेवून वाद्यांच्या साथीने आख्यान गातो व सांगतो. परशुराम विश्राम गंगावणे यांनी गोठ्याच्या जागेत या कलांचे संग्रहालय उभारले. २०२१ मध्ये ते पद्मश्रीचे मानकरी ठरले.

चित्रातील पात्र कोण, प्रसंग कोणता आणि तो आधीच्या प्रसंगातून कसा उद्भवला, हे निवेदनातूनच उलगडते. मराठी न जाणणाऱ्या पाहुण्याच्या हाती मात्र केवळ चित्र लागते. मागणी चित्रालाच राहिली, तर चित्रकार टिकेल. कथेकरी टिकेलच याची शाश्वती नाही. आणि कथेकऱ्यावाचून चित्रकथी ही चित्रकथी राहत नाही.

बालीचा अनुभव

चित्रे दाखवीत कथा सांगण्याची परंपरा जावा बेटावरील ‘वायांग बेबेर’ या प्रकारातही आढळते. भारतीय व आग्नेय आशियाई चित्रकथनाचे परस्परसंबंध व्हिक्टर मेअर यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात तपासले आहेत. मात्र आपल्या प्रश्नाला अधिक उपयोगी ठरतो तो शेजारच्या बालीचा अनुभव. पर्यटन वाढू लागल्यावर देवापुढील नृत्ये पर्यटकांपुढे करावीत काय, हा प्रश्न तेथे निर्माण झाला. १९७१ च्या परिसंवादात नृत्यांचे तीन वर्ग मांडले गेले : पवित्र विधीचा भाग असलेली ‘वाली’, विधीशी संलग्न ‘बेबाली’ आणि मनोरंजनाची ‘बालिह-बालिहान’. २०१५ मध्ये युनेस्कोने बाली नृत्याचे हे तीनही प्रकार अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केले. परदेशी विद्यार्थ्यांनी भाषा व कला शिकावी म्हणून इंडोनेशियाने १९७४ पासून ‘दर्मासिस्वा’ शिष्यवृत्तीही सुरू केली. म्हणजे तेथे एकीकडे मर्यादा आखली गेली, तर दुसरीकडे शिकण्याची वाट मोकळी झाली.

महाविद्यालयांची भूमिका

हे वर्गीकरण कोकणास जसेच्या तसे लागू पडणार नाही. त्यामागील प्रश्न मात्र आपलाही आहे. शिमग्याची पालखी, जत्रेतील दशावतार आणि स्पर्धेतील जाखडी यांना एकाच रंगमंचावर ओळीने उभे करता येणार नाही. पालखीच्या दर्शनाला पाहुण्याने गावात जावे. पालखीने सभागृहात येऊ नये. ही सीमारेषा प्राध्यापकांनी परस्पर न ठरविता मानकरी, गावकरी व कलावंत यांच्या विचाराने ठरावी.

महाविद्यालयांना करता येण्याजोगे काम निश्चित आहे. भाषा विभागांनी आख्यानाचा प्रसंगवार सारांश इंग्रजीत तयार करून पाहुण्यांना आधी द्यावा. प्रयोग निदान एका आख्यानापुरता पूर्ण ऐकवावा व नंतर दुभाष्यामार्फत कलावंताशी संवाद घडवावा. ध्वनिचित्रमुद्रणापूर्वी कलावंताची संमती घ्यावी. बिदागी आधी ठरवावी. ‘प्रसिद्धी मिळेल’ हा मोबदला नव्हे.

समारोप

परदेशी पाहुण्यासाठी आख्यानाचा सारांश लिहिताना आपल्या विद्यार्थ्यालाही ते आख्यान प्रथमच नीट ऐकावे लागेल. कोकणातील अनेक विद्यार्थ्यांनाही चित्रकथी पाहुण्याइतकीच अपरिचित आहे. त्यामुळे या उपक्रमाचा पहिला लाभार्थी आपल्याच वर्गात बसलेला असेल.