कोणतं पाणी टाकता जी?

बँकेत ताळेबंद जुळला नाही, की जुने हेडक्लार्क नव्या पोरांना लगेच खातेवह्या उलटू देत नसत. आधी विचारत, "फरक कितीचा?" फरकाला नऊनं भाग गेला, तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असे, ५४ च्या जागी ४५. फरक सम असला, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची. ती जमेऐवजी नावे पडलेली असण्याचा संभव. फरकाचा स्वभाव कळला, की निम्मं काम झालं. मोटारीच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण विसरतो. इंजिनाच्या उष्णतेचा काटा लालवर गेला, की सरळ सुटे भाग बदलत सुटतो.

हे आठवलं ते तुमसरच्या एका मित्रामुळे. माझी उमेदीची काही वर्षं तिथल्या शाखेत गेली, तेव्हापासूनचा हा स्नेह. मँगनीजच्या खाणीतली नोकरी संपल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल मिनीबस घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. दोन बाकं, त्यांचेच रात्री पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि मागे न्हाणीघर. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच्याही आधीची ही गोष्ट. हौस होती, पण खरं कारण वेगळं होतं. वहिनींचे गुडघे गेलेले. एस. टी.ची पायरी चढवत नाही आणि वाटेतल्या धाब्यावरची मोरी वापरवत नाही. या गाडीमुळे त्या कित्येक वर्षांनी माहेरी जाऊन आल्या होत्या.

आणि ही गाडी तापायला लागली. तुमसर गावात बाजारहाट केला, तर काटा जागचा हलायचा नाही. पण भंडाऱ्याहून नागपूरच्या हमरस्त्याला लागून अर्धा तास झाला, की मौद्याच्या आसपास काटा चढू लागे. मग रस्त्याच्या कडेला झाडाखाली तासभर थांबायचं. विदर्भातला वैशाख तो. नागपूरनं मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांचा पारा पाहिलेला आहे. अशा उन्हात गुडघ्यांनी अधू बाईला घेऊन थांबणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

दुरुस्त्या झाल्या. एकानं थर्मोस्टॅट काढूनच टाकला. हा आपल्याकडचा लाडका उपाय. पण काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आत फिरतं आणि ताप उलट वाढतो. दुसऱ्यानं वॉटर पंप बदलला. तिसऱ्यानं औषध घालून रेडिएटर धुतला. एकवीस हजार रुपये गेले आणि मौद्याचं झाड काही सुटलं नाही. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, विकून टाका." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी गाडीतली भांडी तेवढी घरात आणून ठेवली.

शेवटी कुणीतरी एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्याचं नाव सुचवलं. मी तेव्हा तुमसरलाच होतो, म्हणून बरोबर गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, "गरम केव्हा होते?" माझे कान टवकारले. हा तर आमचा हेडक्लार्क!

त्यांनी समजावलं ते असं. गाडी गर्दीत, उभ्यानं तापत असेल आणि पळताना थंड होत असेल, तर दोष वाऱ्याचा. पंखा, त्याचा पट्टा, पंख्याभोवतीचं कडं बघा. गावात ठीक आणि लांब पल्ल्याला तापत असेल, तर आधी संशय पाण्याच्या वाटेवर घ्या. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची शंका, आणि मग गाडी चालवायचीच नाही. जळणातली साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. गावात इंजिन कमी जळण जाळतं, म्हणून अर्धा रेडिएटरही पुरतो. हमरस्त्यावर मात्र तो पुरा लागतो.

मग त्यांनी गाडी तापवून आणायला सांगितली, इंजिन बंद केलं, पंखा थांबल्याची खात्री केली आणि रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवला. "बघा, कडेला चटका, मधात कोमट." मधल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. औषधानं धुऊनही गुण का आला नाही, तेही तेव्हा उमगलं. औषध जातं ते उघड्या नळ्यांतून. बंद नळी बंदच राहते.

आणि मग तो प्रश्न आला. "कोणतं पाणी टाकता जी?"

पाणी घरच्या बोअरचं, वर्षानुवर्षं. घरातल्या बादलीला पांढरा थर चढवणारं तेच जड पाणी. रेडिएटर जुन्या घडणीचा, तांब्या-पितळेचा होता हे नशीब. त्यांनी डाग सोडवून वरची टाकी उतरवली आणि एकेका नळीतून पातळ सळई घातली. त्याला रॉडिंग म्हणतात. आतून खडूसारखा चुरा पडत होता. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव; पितळेला डाग देणारे हात या जिल्ह्यानं पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत. हल्लीचे ॲल्युमिनियमचे, प्लॅस्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर असे सहज उघडत नाहीत. ते बहुधा बदलावेच लागतात.

थर्मोस्टॅट पुन्हा बसला. झाकण नवं आलं. हे झाकण पाणी दाबाखाली ठेवतं, म्हणून ते शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. आणि म्हणूनच तापल्या गाडीचं झाकण कधी उघडू नये. दाब सुटताच उकळतं पाणी तोंडावर उसळतं. आत भरलं ते शुद्ध पाणी आणि कूलंट, निम्मंनिम्म. कूलंट फक्त थंड प्रदेशात लागतं, हा आपल्याकडचा गैरसमज. ते गंजही रोखतं आणि उकळण्याचा बिंदूही वाढवतं. मात्र बहुतेक कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. डबा पोरांपासून, कुत्र्यामांजरांपासून दूर ठेवावा.

भर उन्हात नागपूरला जाऊन आलो. मौदा आलं आणि गेलं. वहिनी एकटक काट्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता आंबागडला नेता का? लग्नानंतर एकदाच गेले होते."

तुमसरहून आंबागड जवळच. सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकडीवर तो किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सरदार राजखान पठाण यानं इ. स. १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी पाजून मारत, असं जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. मी वर जाऊन आलो. वहिनी खालीच गाडीत बसल्या, दार उघडं ठेवून, किल्ला बघत.

मी उतरून त्यांना विहिरीची हकिगत सांगितली. त्या चहा गाळत होत्या. हातातलं गाळणं तसंच धरून नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत? पाणी बघून पाजावं. माणसाला काय अन् गाडीला काय."

भांडी सगळी पुन्हा गाडीत आली होती.