विश्लेषण : बारावीच्या वहीतला सी प्लस प्लस प्रोग्राम मोबाइलवर का अडतो?

मीरा रोड-भाईंदरच्या ज्युनियर कॉलेजात टर्बोवर सी प्लस प्लस शिकलेल्या कोणी वहीतला जुना प्रोग्राम मोबाइलच्या कम्पायलर अ‍ॅपमध्ये टाकला, तर बहुधा पहिल्याच ओळीला गाडी थांबते. ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ नावाची फाइल सापडत नाही, असा संदेश येतो. याच ओळीवर प्रॅक्टिकलला गुण मिळालेले असतात. मग चुकले कुठे?

चूक विद्यार्थ्याची नाही. टर्बो हे बोरलँड कंपनीचे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचे सॉफ्टवेअर. सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय मानक त्यानंतर, १९९८मध्ये आले. त्यात ‘डॉट एच’ गळाले आणि नुसते ‘आयओस्ट्रीम’ उरले.

जुने नाव कोणी काढले?

जीसीसी हा १९८७पासूनचा मुक्त कम्पायलर. आज अनेक अ‍ॅप आणि संकेतस्थळांमागे तोच असतो. त्याच्या तिसऱ्या मालिकेतल्या आवृत्त्या जुने नाव चालवून घेत, पण ‘हे कालबाह्य आहे’ असा इशाराही देत. ‘डेप्रिकेटेड’चा अर्थ एवढाच : आज चालेल, उद्याचा भरवसा नाही. मार्च २००८च्या ४.३ आवृत्तीत ती फाइल काढून टाकली गेली. नोटीस पुरेशी होती. पण जो वर्ग टर्बोवरच बसला होता, त्याला ती दिसणार कशी?

राहू दिले असते तर?

जुनी सोय फुकट टिकत नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीत कोणाला तरी ती तपासावी लागते. शिवाय नव्या मानकाने ‘सीआउट’सारखी नावे ‘एसटीडी’ या आडनावाखाली नेली. एका वर्गात दोन स्नेहल असल्या की आडनाव लागतेच, तसे हे. जुन्या फाइलमुळे ती नावे पुन्हा आडनावाविना मोकळी फिरली असती.

काही सोयी तर धोकादायक असतात. सी भाषेतले ‘गेट्स’ हे फंक्शन, जागा किती आहे हे न पाहता मजकूर भरत जाते. नोव्हेंबर १९८८मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने ज्या वाटांनी संगणकांत शिरकाव केला, त्यातली एक हीच. तरीही मानकातून ते जायला २०११ उजाडले.

उपाय काय?

‘डॉट एच’ खोडा आणि खाली ‘युजिंग नेमस्पेस एसटीडी’ लिहा. ‘व्हॉइड मेन’ऐवजी ‘इंट मेन’ हवे. ‘कोनिओ डॉट एच’ आणि स्क्रीन पुसणारे ‘क्लीअरएससीआर’ मात्र कोणी काढलेले नाही. ते डॉसच्या जमान्यातले, मानकात कधी नव्हतेच. त्या ओळी सरळ वगळा.

वहीला हात लावायचाच नसेल, तर मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक वाट उरते. जुन्या नावाची दोन ओळींची फाइल स्वतः बनवून प्रोग्रामशेजारी ठेवा आणि पहिल्या ओळीत नावाभोवती कोनी कंसांऐवजी अवतरणचिन्हे द्या. जीसीसी ती मुकाट्याने उचलतो.