सात वाजताचा भोंगा

मुलांनो, आपल्या कोल्हापूरच्या शेजारी सांगली जिल्हा आहे. त्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावच्या देवळावर रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. तो ऐकताच घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद करावयाचे, असे गावाने ठरविले.

करोनाच्या साथीत शाळा बंद होत्या, म्हणून अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाइल आला. शाळा उघडल्या, तरी तो हातातून सुटेना. सरपंच विजय मोहिते यांनी हा उपाय सुचविला, तेव्हा पुरुषांनी त्याची थट्टा केली. स्त्रियांनी मात्र आपणही मालिकांत फार गुंतून पडतो, हे मोकळेपणाने मान्य केले. तेथूनच काम मार्गी लागले.

एकट्या मुलाचा मोबाइल काढून घेतला, तर त्याला ती शिक्षा वाटते. मित्र खेळत आहेत आणि आपणच तेवढे वंचित आहोत, या विचाराने पुस्तकात त्याचे मन रमत नाही. सारे गावच थांबले, वडीलधारी माणसेही थांबली, म्हणजे चुकण्यासारखे काही उरतच नाही. (हा प्रयोग मी घरी केला, तेव्हा पहिल्या दिवशी बातम्यांसाठी मीच तळमळलो!)

आरंभी अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर फिरून आठवण देत. साडेआठला पुन्हा भोंगा वाजे. तोवर दप्तरे उघडलेली असत.