सेरेंगेटी : गवताचे राज्य

आफ्रिकेतील अरण्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम सिंह उभा राहतो. 'सफारी' हा शब्दही आपण शिकारीशी जोडून टाकला आहे. वस्तुतः स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे केवळ प्रवास. त्याचे मूळ अरबी 'सफर' या शब्दात आहे, आणि तो शब्द तर मराठीतही रुळलेला आहे. टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात फेब्रुवारीतला एक अखंड दिवस मी प्राणी पाहण्यात घालवला. त्या दिवसाने मला जे शिकवले ते हे, की तेथे राज्य सिंहाचे नाही, गवताचे आहे.

हे उद्यान १९५१ साली स्थापन झाले. विस्तार जवळजवळ १५,००० चौरस किलोमीटर. रात्री गाडी फिरवायची नाही, वाटेत मनाला येईल तेथे उतरायचे नाही, असे येथील नियम आहेत. विषुववृत्त जवळ असल्याने दिवस बारा तासांचा. तेवढ्यात जे दिसेल ते पाहायचे.

उजाडता उजाडता आम्ही दक्षिणेच्या माळावर पोहोचलो. क्षितिजापर्यंत एक झाड नाही, आणि सारा माळ वाइल्डबीस्टांनी भरलेला! गाईसारखी शिंगे, घोड्यासारखी शेपटी आणि दाढी असलेले हे हरणाच्या कुळातले जनावर. न्गोरोंगोरोच्या बाजूच्या ज्वालामुखींची राख येथे पसरली आहे. तिच्याखाली कठीण थर असल्याने झाडांची मुळे खोल जात नाहीत. परंतु तिच्यावरचे आखूड गवत कॅल्शियम व फॉस्फरस यांनी समृद्ध असते. दूध पाजणाऱ्या माद्यांना हेच हवे असते. म्हणून पावसाळी महिन्यांत कळप येथे येतात, आणि माळ सुकला की उत्तरेकडे, थेट केनियातील मारा नदीपर्यंत जातात.

बहुतेक वासरे दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात. एक वासरू जन्मताना मी पाहिले. काही मिनिटांतच ते धडपडत उभे राहिले आणि आईमागे धावू लागले. थोड्या अंतरावर तरस बसले होते. तरस म्हणजे उष्टे खाणारा, ही आपली समजूत. पण येथील तरस आपले बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवतात, हे हान्स क्रूक या संशोधकाने १९६० च्या दशकात दाखवून दिले. एकाच वेळी लाखो वासरे जन्मली, की तरसांनी पोटभर खाल्ले तरी बहुसंख्य उरतात. कळपाचे संरक्षण आहे ते असे संख्येत.

दुपारी ऊन चढले. खडकांच्या सावलीत सिंह गाढ झोपले होते. दिवसाचे वीसेक तास ते असेच काढतात. चरणे मात्र चालूच होते. आमच्या वाटाड्याने चरणाऱ्यांकडे बोट दाखवून त्यांची वाटणी समजावून दिली. झेब्रा गवताची उंच, राठ काडी खातो. त्यामुळे खालची पाने मोकळी होतात. ती वाइल्डबीस्ट खातो. मग जमिनीलगतचे कोवळे कोंब थॉमसनच्या हरणाला मिळतात. एकाचे चरणे दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

पण या कळपांची गोष्ट माणसाच्या गोठ्यातून जाते, हे किती जणांना ठाऊक असेल? १८९० च्या सुमारास गुरांचा बुळकांडी रोग पूर्व आफ्रिकेत पसरला. मासाई गुराख्यांची बहुतेक गुरे मेली, माणसे उपासमारीने मेली, आणि रानातले वाइल्डबीस्टही मेले. पुढे गुरांना लस टोचली जाऊ लागली. रोग गुरांतून हटला तसा रानातूनही हटला. १९६१ च्या मोजणीत वाइल्डबीस्ट सुमारे २.५ लाख होते; १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते १३ लाखांवर गेले. इतकी तोंडे चरू लागल्यावर वाळलेले गवत कमी उरले, वणवे कमी झाले आणि उत्तरेकडे झाडे वाढली. म्हणजे गाईला टोचलेल्या सुईने रान उगवले! २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

याच मासाईंना मात्र १९५९ साली सेरेंगेटी सोडून न्गोरोंगोरोच्या बाजूला जावे लागले. २०२२ पासून तेथूनही अनेक कुटुंबांना दूर म्सोमेरा येथे हलवण्यात आले. हे स्वेच्छेने होत आहे, असे सरकारचे म्हणणे. ते अनेक मासाईंना मान्य नाही. वन्य पशूंना जागा हवी, हे खरेच आहे. परंतु ज्यांची गुरे पिढ्यानुपिढ्या याच माळावर झेब्र्यांशेजारी चरली, त्यांना रानाचे शत्रू ठरवणे मला न्यायाचे वाटत नाही.

सूर्य कलला तसे सिंह उठले, आळस देऊन निघाले, आणि गाड्यांची एकच धावपळ उडाली. शिकार आम्हाला दिसली नाही. तिचे मला वाईटही वाटले नाही. सिंह वाइल्डबीस्टावर जगतो, वाइल्डबीस्ट गवतावर, आणि गवत पावसावर व राखेवर. ही साखळी ध्यानात आली, की रिकामा दिसणारा माळही वाचता येऊ लागतो. वाचकहो, तुम्हाला कधी तेथे जाण्याचा योग आला, तर सिंह अवश्य पाहा. पण त्याआधी त्याच्या पायांखालचे गवत पाहा, आणि त्या गवतावर आणखी कोणाचा हक्क होता, हेही विचारा.